फिटरने पेटी धुतली

लोधिवलीला बहिणीच्या नातवाच्या बारशाला निघताना मालनबाईने नवऱ्याला एकच काम सांगितलं होतं, आणि तेसुद्धा न करण्याचं.

"पेटीला हात लावू नका," ती म्हणाली. "मी सांजच्याला येते आन मंग धुते. सायब उद्या सकाळी येणार हायती."

"बरं," धर्माजी म्हणाला.

"नुसतं बरं नको. काय कळलं ते सांगा."

"हात नाय लावायचा."

"आन लावलाच तर?"

"कोमट पाणी, धुण्याचा सोडा, मऊ बुरूस. इस्तव नाय, रॉकेल नाय, पेट्रोल नाय."

मालनबाईने त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं, पदर खोचला आणि ती एस.टी. गाठायला गेली. नवरा शब्दन् शब्द पाठ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दुसरंच काही शिजत असतं, हे तिला ठाऊक होतं. पण बारसं टाळता येत नव्हतं.

धर्माजी कर्जतच्या इंजिनांच्या शेडमधून फिटर म्हणून रिटायर झाला होता. घाट चढताना गाडीला मागून रेटा देणारी इंजिनं त्याने उभी हयात पुसली, खोलली आणि परत बसवली. त्यातून त्याचं एक ठाम मत झालं होतं. सोड्याला न जुमानणारी घाण रॉकेलने निघते आणि रॉकेलला न जुमानणारी पेट्रोलने. याच्या पलीकडे जगात घाण नाही. एकदा त्याने बायकोचा चष्मा रॉकेलने पुसला होता, तेव्हा आठवडाभर भाकऱ्या शेकताना तिला इंजिनाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं.

आणि ही पेटी साधी नव्हती. मधमाश्यांच्या पेट्या लाकडाच्या असतात. ही होती थर्माकोलची. टीव्ही ज्यात बांधून येतो ना, तसलीच पांढरी, हलकी, पण जाड भिंतींची. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. मधाच्या खात्यातल्या साहेबांनी चाचणीसाठी म्हणून पळसदरीत ही एकच दिली होती, तीही मालनबाईला. माश्या नीट राहिल्या आणि पेटी स्वच्छ राहिली, तर गावोगावच्या बायकांना मधमाशीपालन शिकवायला मालनबाईचीच नेमणूक व्हायची होती. आजवर तिला सगळे 'फिटरची बायको' म्हणत. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. आता पहिल्यांदा कुणी तिला 'बाई' म्हणणार होतं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. त्या आशेने ती गेल्या महिन्यापासून पेटीशी लेकरासारखी बोलत होती.

धर्माजीला हे सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर त्याने पेटीला हात लावला. ती दमून परत येईल, पेटी लखलखीत दिसेल आणि ती म्हणेल, "छान धुतलीत हो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य काही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

सुरुवात त्याने अगदी सांगितल्याप्रमाणे केली. गोवरीचा थोडा धूर दिला, माश्या बसलेल्या चौकटी एकेक करून चहाच्या रिकाम्या खोक्यात ठेवल्या, वर गोणपाट टाकलं. मग पेटी मोठ्या परातीत ठेवून सोड्याच्या कोमट पाण्याने घासायला बसला. घाण निघत होती, पण आपल्या चालीने. कोपऱ्यातलं मेण तर जागचं हलेना.

तेवढ्यात शेजारचा सखाराम कुंपणाशी आला. सखाराम भातशेती करी आणि मोकळ्या वेळात धर्माजीला सल्ला देई. नुकतीच त्याने लूना घेतली होती.

"निघंना का रं, फिटर?"

"मेण हाय. मेणाला सोडा काय करणार?"

"मंग शेडमधी काय करत होतास?"

बस्स. हा प्रश्न सखारामने विचारायला नको होता. धर्माजीने ब्रश बाजूला टाकला आणि तो म्हणाला, "तुज्या लूनात पेट्रोल हाय का?"

आगीची मात्र त्याने पूर्ण काळजी घेतली, हे सांगायला हवं. गोवरी पाण्यात बुडवून विझवली. सखारामच्या तोंडातली बिडी काढून टाकायला लावली. चुलीत निखारा नाही ना, हे दोनदा जाऊन पाहिलं. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस तो. सगळं बिनधोक झाल्यावर त्याने चिंध्यांचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवला आणि पेटीच्या कोपऱ्यात दाबला.

चर्र असा बारीक आवाज झाला. मेण निघालं. कोपराही निघाला. धर्माजीचा हात पेटीच्या आत होता आणि बोटं बाहेर सखारामकडे बघत होती.

"फिटर," सखाराम म्हणाला, "पेटी पातळ झाली रं."

"जरा भोक पडलंय. कडा सारख्या करतो."

कडा सारख्या करायला त्याने आणखी पेट्रोल लावलं. भोक मोठं झालं. मग समोरची बाजू या बाजूला शोभेना म्हणून तिकडेही बोळा फिरवला. त्या गडबडीत पेट्रोलची बाटली कलंडली, आणि पेटीने उन्हातल्या कुल्फीसारखं अंग टाकलं. शेवटी परातीत उरला पुरणाच्या गोळ्याएवढा एक लिबलिबीत, चिकट गोळा.

सखारामने परातीत वाकून पाहिलं.

"ऱ्हायलेली कुठं गेली?" सखारामने विचारलं.

"हीच ती."

"येवढी मोठी व्हती आन येवढीच?"

"आत हवा आसंल," धर्माजी खचल्या आवाजात म्हणाला. "सखाराम, ती मला घरात घ्यायची नाय."

"घील रं. पर बोलायची नाय."

हे जास्त वाईट होतं. मालनबाई चिडून बोलली की धर्माजीला हायसं वाटे. ती गप्प बसली की त्याला जेवण जात नसे. शिवाय या खेपेला प्रश्न त्याच्या जेवणाचा नव्हता. तिचं 'बाई' होणं त्या परातीत पडलं होतं आणि त्याला माश्या बसायला लागल्या होत्या. मधाच्या नव्हे, साध्या.

"थर्माकोल पायजे," तो एकदम उठून म्हणाला. "चार भिंती आन झाकण. कापून टाचण्यांनी जोडतो. रातच्या रात पेटी उभी करतो."

"कर्जतला जावं लागंल. आज तर बाजार बंद. थर्माकोल आता फकस्त..." सखाराम बोलता बोलता थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"कुठं?"

"कुठं नाय."

"सखाराम, माळ्यावर तुजं गणपतीचं मखर हाय."

मखर होतं. भाद्रपदात सखारामच्या बायकोने, विमलबाईने, हट्टाने पेणहून आणवलं होतं. चार खांब, दोन मोर, वर चंदेरी कागद लावलेला मोठा पोकळ घुमट. धर्माजीच्या घरी गणपती बसत नसे, पण ते मखर बसवायला तोच गेला होता, म्हणून त्याला त्याची जाडीसुद्धा माहीत होती. विमलबाईने ते पुढची पाच वर्षं पुरवायचं ठरवलं होतं.

विमलबाई ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती. दोघांनी मखर माळ्यावरून उतरवलं आणि सखारामच्या अंगणात स्टुलावर ठेवलं. धर्माजीने खिशातून करवतीचं पातं काढलं. पहिला मोर कुठून कापावा याचा तो विचार करतो आहे तोच मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

विमलबाई डोक्यावर धुण्याची बादली घेऊन उभी होती.

"काय नाय," सखाराम म्हणाला. "मखराला ऊन दाखवतोय."

"करवतीनं?"

यावर दोघांपैकी कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं असतं, पण तेवढ्यात धर्माजीच्या परसातून घोंऽऽ असा आवाज उठला. सातेरी जातीची माशी फार मानी. जरा कुठे मनाविरुद्ध झालं की भरला संसार टाकून निघते. इथे तर खोक्याशेजारीच पेट्रोलची अख्खी बाटली सांडली होती. गोणपाट सारून सगळ्या माश्या उठल्या, कुंपणावरून काळा ढग आला, तिघांच्या डोक्यावर गरगरला आणि हलके हलके मखरावर उतरला. मग एकेक करत घुमटाच्या अंधाऱ्या पोकळीत सगळ्या आत शिरल्या. एक माशी मोराच्या चोचीवर पहाऱ्याला राहिली.

विमलबाईने बादली खाली ठेवली.

"काप आता," ती म्हणाली.

संध्याकाळी मालनबाई आली ती बारशाचे पेढे घेऊन. धर्माजीने परात तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. लूना सांगितली, मखर सांगितलं, बिडी विझवल्याचंही सांगितलं. ती काही बोलली नाही. पेढ्याचा पुडा फळीवर ठेवून कंदील घेऊन ती सखारामच्या अंगणात गेली, घुमटात वाकून बराच वेळ बघत राहिली आणि परत आली.

"राणी हाय आत," एवढंच म्हणाली.

"मालन, मी सायबाला सांगतो, चूक माजी हाय. तुजं नाव..."

"गप ऱ्हावा."

त्या रात्री धर्माजीला पेढासुद्धा गेला नाही.

सकाळी जीप आली. साहेब उंच, चष्मिस, आणि त्या दिवशी कशामुळे तरी पडेल चेहऱ्याचे होते. "मालनबाई, पेटी दाखवा," असं उतरता उतरता म्हणाले. धर्माजी पुढे झाला. "जयभीम सायब. त्याचं आसं झालं..." पण मालनबाईने त्याला कोपराने मागे सारलं आणि परात साहेबांच्या हातात दिली.

"ही घ्या."

"हे काय आहे?"

"तुमची पेटी. पेट्रोलनं धुतल्याली."

साहेबांनी गोळ्याला बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं.

"आणि माश्या?"

"त्या मखरात हायती. चला, दाखवते. राणी शाबूत हाय, चौकटी मी रातच्याला झाकून ठेवल्याती. नवी पेटी द्याल तर दिवेलागणीला भरून देते. नाय दिली तर लाकडाच्या पेटीत भरते. माज्या माश्या मी जगवणार. नेमणुकीचं तुमी बघा."

हे सगळं ती एका दमात म्हणाली, पण शेवटच्या वाक्याला तिचा आवाज कापला. तो धर्माजीला ऐकू आला, आणि जमीन दुभंगेल तर बरं, असं त्याला वाटलं.

साहेब मखरापुढे जाऊन उभे राहिले. खांब पाहिले, मोर पाहिले, घुमटातून ये-जा करणाऱ्या माश्या पाहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग जीपकडे गेले आणि मागच्या बाजूने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. कागद सोडला. आत काळाकुट्ट, सुरकुतलेला, जळका गोळा होता. परातीतल्या गोळ्याहूनही लहान.

"काल खालापूरला असल्याच पेटीचं प्रात्यक्षिक होतं," साहेब खाली बघत म्हणाले. "लाकडी पेटी किडीसाठी आतून जाळाने शेकतात. बोलता बोलता हात सवयीने चालला. पन्नास बायका बसल्या होत्या."

मालनबाईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. साहेब आधी खोकले, मग हसले, आणि मग विमलबाई इतकी हसली की तिला स्टुलाचा आधार घ्यावा लागला आणि पहाऱ्यावरची माशी उडाली.

"खालापूरला आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?" साहेब डोळे पुसत म्हणाले. "बाई, तुम्हीच जा."

बाई म्हणाले ते. सरळ, सहज, सगळ्यांसमोर.

नवी पेटी आली, माश्या तिच्यात गेल्या आणि मखर विमलबाईला परत मिळालं. पुढच्या भाद्रपदात घुमटातून गणपतीच्या सोंडेवर मधाचा थेंब पडला, तेव्हा सगळी पळसदरी दर्शनाला लोटली. विमलबाईने खरं कारण कुणाला सांगितलं नाही.

मालनबाईचे वर्ग गावोगाव सुरू झाले. पहिला धडा पेटी धुण्याचा. आधी ती कोमट पाणी आणि सोडा दाखवते. मग म्हणते, "आन हे नाय करायचं," आणि हाताने खूण करून नवऱ्याला पुढे बोलावते. धर्माजी दोन्ही गोळे दोन हातांत धरून उभा राहतो. बायका पोट धरून हसतात आणि धडा कधी विसरत नाहीत.

परवा खालापूरच्या स्टँडवर एका म्हाताऱ्याने त्याला हटकलं. "पाव्हणं, कुठं तरी बघितल्यासारकं वाटतंय. शेडमधले फिटर का?"

धर्माजीने पिशवीतले गोळे नीट सांभाळून मांडीवर घेतले.

"नाय," तो म्हणाला. "मधवाल्या बाईंचा नवरा."