देवदत्तरावांनी पत्ते बदलले

"दहा मिनिटांचं काम आहे!" देवदत्तरावांनी जाहीर केलं. कारखान्याच्या विद्युत विभागात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, आणि त्याच्याच घरात प्रिंटर आणि टीव्ही एका नेटवर्क पत्त्यावरून भांडतात! एक सुरू झाला की दुसरा बंद, एका बर्थवर दोन तिकिटं निघाल्यासारखं!

"बाबा, आज नको ना!" श्रद्धा कळवळली. अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच गाडी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती.

"तुझ्यासाठीच तर करून राहिलो!"

कुठला पत्ता कुठल्या यंत्राचा, हे श्रद्धाच्या लॅपटॉपमध्ये एकदाच कायमचं बांधून टाकायचं, असा त्यांचा बेत. यंत्रांचे लांबलचक नंबर त्यांनी भिंग लावून कागदावर उतरवले आणि ऐटीत भरले. फक्त राउटरच्या पत्त्यापुढे नंबर पडला प्रिंटरचा! झालं! इंटरनेटसाठी निघालेलं सगळं सामान लॅपटॉप इमानदारीत प्रिंटरच्या दारात नेऊन टाकू लागला. बंद करून पुन्हा सुरू केला, तरी तेच. कायमचं बांधलं होतं ना!

मुलाखत लॅपटॉपवरूनच द्यायची अट, आणि मोबाइलचं नेट जोडावं तर घरात सिग्नलची एकच दांडी, तीही न्हाणीघरात! मुलाखत काय तिथून द्यायची?

तिकडे विनताताई शेजारच्या जयाला फोनवर सांगत होत्या, "काय सांगू, हे सकाळपासून पत्ते बदलून राहिले!"

जयाला एवढंच कळलं, की हे लोक घर सोडून चालले! वीस मिनिटांत ती दारात हजर. डोळ्यांत पाणी, आणि सोबत हातात मोजपट्टी घेतलेली एक तरुणी.

"काहून सांगितलं नाही गं विनता? अन् विकायचंच आहे, तर या रुचिरा दीदींना द्या. सहा महिन्यांपासून घर शोधून राहिल्या!"

विनताताई थक्क. रुचिरा हॉल मोजायलाही लागली! तेवढ्यात आतून श्रद्धाचा हुंदका आला. पावणेअकरा झाले होते.

"क्या हुआ?" रुचिरानं आत डोकावून विचारलं.

"इंटरनेट बंद आहे, अन् माझा इंटरव्ह्यू..."

"अरे, मैं तो नेटवर्क का ही काम करती हूँ!" रुचिरानं मोजपट्टी ठेवली, लॅपटॉप ओढला. "अंकलजी, राउटर के पते पर प्रिंटर का नंबर किसने बाँधा?"

देवदत्तराव पंख्याकडे पाहू लागले.

तिनं ती ओळ पुसली आणि प्रिंटरला स्वतंत्र पत्ता दिला. अकराला दोन मिनिटं कमी असताना श्रद्धानं दार लावून घेतलं. बाहेर चौघं श्वास रोखून उभे. देवदत्तरावांच्या मनात एकच घोळत होतं. पोरीची नोकरी आपल्याच हातानं घालवली असती!

पाऊण तासानं दार उघडलं. "बाबा! पंधरा तारखेपासून या म्हणाले!"

विनताताईंनी साखरेची वाटी आणली. देवदत्तराव डोळे पुसत रुचिराला म्हणाले, "बेटा, तुझे उपकार कसे फेडू? पण हे घर... विकायचं नाहीये गं."

"कोई बात नहीं, अंकलजी." रुचिरानं मोजपट्टी गुंडाळली. "घर तो बहुत पसंद आया था. बस, इंटरनेट आपसे नहीं लगवाते!"