सुभेदारांची जपलेली फियाट

उंब्रजला सुभेदार नाथाजींच्या घरामागं पत्र्याची शेड होती. शेडमध्ये ताडपत्री, ताडपत्रीखाली सतरंजी, सतरंजीखाली मनुबाईंचं जुनं लुगडं आणि लुगड्याखाली पांढरी फियाट. गाडी वीस वर्षांची होती. चार टायर पहिलेच. पाचवा डिकीत, रस्त्याला कधी न टेकलेला. सीटांवर शोरूममधलं प्लॅस्टिक. मीटरवर चारशे बारा किलोमीटर. त्यातले दीडशे तर पुण्याहून गाडी आणतानाचे.

बाकीचे कुठले, हेही सुभेदारांना पाठ होतं. दसऱ्याला झेंडूचा हार घालून गाडी हायवेपर्यंत न्यायची, सोनं लुटायचं आणि परत आणायची. भावकीत लग्न असलं की नवरदेवाला मारुतीच्या देवळापर्यंत सोडायचं. त्यापलीकडं गाडी काढायची ती एखादं मोठं कारण निघाल्यावर, असं त्यांनी पलटणीतून सुटून आल्या आल्या ठरवलं होतं. तेवढं मोठं कारण अजून निघायचं होतं. मनुबाईंचं कारण दर साली एकच असायचं, जतला थोरल्या बहिणीकडं गाडीतून जायचं. सुभेदार म्हणायचे, "फुडल्या साली बगू." मग मनुबाई कराडला आणि सांगलीला एसटी बदलून जतला जायच्या.

आता क्लच दाबताना सुभेदारांचा गुडघा कुरकुरत होता. ठेवायची तर चालवा, नाहीतर विका, असं मुलगा पुण्याहून सांगत होता. सुभेदारांनी विकायचं ठरवलं.

"इकायच्या आदी एकदा जतला जाऊन येऊ की," मनुबाई म्हणाल्या.

"आगं, मीटर वाढला की किंमत पडती."

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या गुळाच्या पेठेतले व्यापारी लालासाहेब गाडी बघायला आले. त्यांनी सगळं सोडून मीटरवर बोट ठेवलं.

"सुभेदार, ह्यो किती येळा मागं फिरवलाय?"

"मी फौजी माणूस हाय. असली कामं करत न्हाई."

"ते खरं. पर वीस सालांत एवढंच? ह्या गाडीत बसल्यालं एक माणूस दावा बगू."

सुभेदारांनी शेजारच्या हंबीररावाला हाक मारली.

"बसलोय की," हंबीरराव म्हणाला. "माझ्या लग्नात. बूट काढून मांडीव घेतलं हुतं."

"त्येच्यानंतर?"

"त्येच्यानंतर दुसरं लगीन न्हाई केलं."

लालासाहेब मनुबाईंकडं वळले. "वयनी, तुमी तर लय फिरला आसाल."

"मी व्हय? मी धुतलीया लय. आतनं पुसायची झाली तरी बाहीर हुबं राहून पुसायची."

लालासाहेबांची खात्री पटली. "मग मीटर खरा. आता पळती का तेवढं बगू. मला सांगलीला सोडा, थितंच इसार देतो."

"सांगली म्हंजी निम्मं जत आलंच," असं म्हणत मनुबाई पिशवी आणायला आत गेल्या. गिऱ्हाइकासमोर बायकोला अडवणं सुभेदारांना बरं दिसेना. पण गाडीत बसताना मनुबाईंचा एकच पाय आत आला. दुसरा गुडघ्यात वाकेना. हंबीररावानं बाहेरून रेटलं, सुभेदारांनी पलीकडच्या दारातून ओढलं. गाडी नवी होती तेव्हा हा गुडघाही नवाच होता, असं सुभेदारांच्या मनात आलं आणि त्यांनी उगाच आरसा सारखा केला.

आष्ट्याच्या अलीकडं पहिला टायर फुटला. वीस वर्षं एका जागी उभा राहून तो भेगाळला होता.

"काळजी नगं," सुभेदार म्हणाले. "डिकीतला एकदम कोरा हाय."

जॅक लालासाहेबांनी फिरवला. कोरा टायर नवरदेवाच्या मिरवणुकीएवढं अंतर चालला आणि फुटला. शेवटी पंक्चरवाल्यानं कुणाचा तरी झिजून गुळगुळीत झालेला टायर चढवला. तो तेवढा टिकला. पण सांगली दिसायला लागली आणि रेडिएटरची नळी फाटली. रबर तिचंही वाळलेलंच. बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी कृष्णेच्या पुलाअलीकडं थांबली.

लालासाहेबांनी रिक्षाला हात केला. "सुभेदार, तुमचा मीटर खरा हाय, तीच आडचण हाय बगा. फिरवल्याला आसता तर डोळं झाकून घेतली आसती."

थोड्या वेळानं पाण्याचा एक रिकामा टँकर शेजारी येऊन थांबला. ड्रायव्हरनं खाली डोकं काढलं. "वडून नेतो की मामा. पर मी जतला चाललोय. माघारी वळायचा न्हाई."

"आमाला उंब्रजला जायाचं हाय."

"आमाला जतलाच जायाचं हाय," मागच्या सीटवरून मनुबाई म्हणाल्या.

टँकरमागं दोर बांधून फियाट जतच्या रस्त्याला लागली. इंजिन बंद होतं, पण चाकं फिरत होती आणि मीटर पुढं सरकत होता. सुभेदार बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग बघायचे थांबले.

जतला दारात दोर सुटायच्या आत थोरल्या बहीणबाई, तानूबाई, बाहेर आल्या. त्यांनी गाडीच्या दारावरून हात फिरवला.

"मने, म्हंजी खरंच हाय व्हय गाडी?"

"मग मी काय खोटं सांगत हुते?"

"दर साली येस्टीनं यायचीस आन् गाडीच्या गोष्टी सांगायचीस. आमचं मालक म्हणायचं, दाजीकडं गाडीबिडी काय न्हाई, तुझी भण मोठेपणा करती. जाईपतूर त्येच म्हणत हुतं बिचारं."

तानूबाईंच्या मालकाला, अर्जुनाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. तो शेवटचा आजारी पडल्याचा निरोप आला, तेव्हा मनुबाई शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. सुभेदारांनी त्यांना एसटी स्टँडवर नेलं होतं.

आता सुभेदार नळी बघायच्या निमित्तानं बॉनेटमध्ये वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवी नळी बसली.

"मग आता?" मनुबाईंनी विचारलं. "इकायची का ठिवायची?"

"एवढा मीटर वाढल्याव कोण घेतंय?" सुभेदार म्हणाले आणि त्यांनी चारी दारं उघडली. "बसा. अक्का, तुमी फुडं या."

तानूबाई पुढं बसल्या. मनुबाईंना मागं तानूबाईंच्या दोघी सुनांनी धरून बसवलं. मग त्या दोघी बसल्या, तानूबाईंच्या जावा बसल्या, सगळ्यांच्या मांडीवर पोरं बसली. गाडी पाच माणसांची होती. जतच्या बाजारपेठेतून निघाली तेव्हा आत नऊ होती.