सात नंबरचे तेल

ज्या वर्षी नातीचे पुढचे दोन्ही दात पडले, त्याच वर्षी सूनबाईंची नोकरी गेली. दात परत येणार याची घरात सगळ्यांना खात्री होती. नोकरीबद्दल तशी नव्हती. विम्याचे ऑफिस बंद झाले, त्यांचा नवरा दूर कुठेतरी जहाजावर, आणि सूनबाई दिवसभर घरात. आधी त्यांनी घरातली सगळी कपाटे आवरली. आवरायला कपाट उरले नाही तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचा ओटा ताब्यात घेतला आणि तिथे सुगंधी तेले बनवायला सुरुवात केली.

"म्हणजे अत्तर," शिंपीमास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे सूनबाईंचे सासरे. कोपऱ्यावर त्यांचे शिलाईचे दुकान होते आणि दुकानात त्यांच्याइतकेच जुने एक मशीन होते.

"अत्तर नाही म्हणायचं, बाबा. अत्तर म्हटलं की म्हातारं वाटतं. तेल म्हणायचं."

"मी म्हाताराच आहे."

"म्हणून तर सांगतेय. तेल म्हणा."

मास्तर तेल म्हणू लागले. पुढचा सगळा घोटाळा त्या एका शब्दाने केला.

थोडा वाटा बाटल्यांचाही होता. मास्तरांना काही टाकवत नसे. मशीनच्या तेलाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, टोकदार नळीच्या, त्यांनी दुकानाच्या खणात वर्षानुवर्षे जपून ठेवल्या होत्या. सूनबाईंनी त्या मागून आणल्या, उकळून धुतल्या, त्यात आपली तेले भरली आणि प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी डकवून नंबर घातला. एक ते सात.

मोठ्या बाजारात शोभेच्या वस्तूंचे एक दुकान होते. तिथल्या मालकीणबाईंनी सांगून ठेवले होते, "माझ्या काउंटरवर जागा एकाच बाटलीची आहे. सात आणू नका, एक आणा. आवडली तर ठेवीन."

"आणि नाही आवडली तर?" मास्तरीणबाईंनी सुनेला विचारले.

"तर ताईच्या गावी एक नोकरी आहे. मुलीला घेऊन तिकडे जाईन," सूनबाई म्हणाल्या. त्या वेळी त्या कांदा चिरत होत्या, त्यामुळे डोळ्यांतले पाणी कशाचे ते कोणाला ठरवता आले नाही. मास्तरांनी समोर बसलेल्या नातीकडे पाहिले. ती दाताच्या खिंडीतून जीभ बाहेर काढून दाखवत होती. मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आण ती बाटली. मी लावतो."

लावायला दुसरे कोणी नव्हतेच. वास घेऊन घेऊन सूनबाईंचे नाक थकले होते, आणि मास्तरीणबाईंचे डोके कुठल्याही वासाने दुखे. म्हणून रोज एक तेल मानेला, मनगटांना आणि कानामागे लावून मास्तरांनी दुकानात जायचे आणि रात्री जेवताना कसे वाटले ते सांगायचे, असे ठरले.

पहिल्या नंबरात गुलाब होता.

"माझ्या काकूच्या ट्रंकेसारखं," मास्तर म्हणाले.

"म्हणजे चांगलं?"

"ट्रंक चांगली होती. काकू नव्हती."

"असं नाही, बाबा. सुरुवातीला कसं वाटलं, मधे कसं, शेवटी कसं, असं सांगायचं असतं."

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "सुरुवातीला लावलं. मधे काम केलं. शेवटी धुतलं."

दुसऱ्या नंबरात धुराचा आणि चामड्याचा वास होता. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने नाक फेंदारत विचारले, "मास्तर, काही जळतंय का?" मास्तरांनी इस्त्री बंद केली, विजेचा मीटर पाहिला, चिंध्यांचे पोते उपसले. तेवढ्यात गिऱ्हाईक जे पळाले ते टाचण्या लावलेल्या अर्ध्या पँटसकट पळाले. तिसऱ्या नंबरात लिंबाची साल होती. फरशी आत्ताच कोणीतरी पुसली आहे असे वाटून मास्तर दिवसभर चवड्यांवर चालले आणि रात्री पोटऱ्या चोळत बसले. चौथ्यात फुले होती. माशी आली. साधी नव्हे, गांधीलमाशी. ती मास्तरांच्या कानाशी घोंगावू लागली तेव्हा ते एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या छातीचे माप घेत होते. गिऱ्हाइकाने भीतीने श्वास जो आत ओढला तो माप होईपर्यंत सोडला नाही. तो कोट नंतर कोणालाच झाला नाही.

"पाचवं?" सूनबाईंनी विचारले.

"आलं, टेकलं नाही, गेलं."

"सहावं?"

"झोप आली. बाही उलटी बसवली. ती उसवली, पुन्हा उलटीच बसवली." मास्तरांनी हात जोडले. "पोरी, मला माफ कर. नाक हे माझ्या कामाचं हत्यारच नाही."

"आता एकच राहिलंय, बाबा."

सातव्या दिवशी सकाळी सूनबाई सर्दीने बेजार होत्या. डोक्यावरून टॉवेल घेऊन त्या वाफारा घेत होत्या. टॉवेलखालून त्यांचा आवाज आला, "आई, बाबांना त्यांचं तेल द्या. टेबलावर आहे."

टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक सात नंबरची, तिची चिठ्ठी वाफेने गळून पडली होती. दुसरी मशीनच्या तेलाची. आदल्या दिवशी कपाटाच्या बिजागरीला घालायला मास्तरीणबाईंनीच ती मागवली होती.

"कुठलं तेल?" त्यांनी ओरडून विचारले.

"बाबांचं!"

दोन्ही बाबांचीच होती. मास्तरीणबाईंनी बाटल्या उजेडाकडे धरल्या. नाकाशी नेणे शक्यच नव्हते, डोके दुखले असते. एकीतले तेल पाण्यासारखे स्वच्छ होते, दुसरीतले दाट आणि तपकिरी. कोणतेही शहाणे माणूस जे ठरवील तेच त्यांनी ठरवले. स्वच्छ बाटली नवऱ्याच्या खिशात घातली. तपकिरी बाटली मशीनसाठी पिशवीत टाकली.

मास्तरांनी खिशातले तेल मानेला आणि कानामागे चोळले, आणि पिशवीतले मशीनच्या प्रत्येक भोकात घातले. मशीनला तेल घालताना त्यांना बाटलीकडे बघावे लागत नसे. एकदा त्यांनी मान वर करून हवा हुंगली. दुकानात कसला तरी गोडसर वास भरला होता. 'आज जो तो नटून आलाय,' असे मनाशी म्हणत त्यांनी शर्टाची कॉलर सुईखाली घेतली.

बाकी दिवस सुरेख गेला. माशी नाही, झोप नाही, आग नाही. रात्री ताटावर बसताना मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

"सुरुवातीला," न विचारताच ते बोलू लागले, "सकाळी दुकान उघडल्यासारखं वाटलं. मधे काम नीट चाललंय, हाताखालून शिवण सरळ जातेय, असं वाटलं. आणि शेवटी घरी आल्यासारखं."

सूनबाईंचा घास हातातच राहिला. चोंदलेल्या नाकाने त्या म्हणाल्या, "बाबा, हेच. हेच द्यायचं. या नाकालाही येतो असा मशीनच्या तेलाचा वास तुमच्या अंगाला नसता, तर जवळ बसून मीही सात नंबरचा वास घेतला असता."

"तो तर लग्न झाल्यापासून येतो," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि वरण वाढले.

दुसऱ्याच दिवशी सूनबाईंनी उरलेले सगळे महागाचे सामान सात नंबरात ओतले. मोठे पातेले भरले. मास्तरांना त्यांनी बजावले, "बाटली संपेपर्यंत आता तेच लावायचं. खात्री करायची."

मास्तर खात्री करत राहिले. इकडे मशीन मात्र बिघडू लागले. ते जड चालायचे, अडायचे, कण्हायचे. मशीन जड झाले की कोणताही शिंपी करील तेच मास्तरांनी केले, आणखी तेल घातले. मशीन आणखी चिकटले. मास्तरांनी आणखी घातले. आता शटलवरून, बॉबिनवरून, सुईवरून निघालेला प्रत्येक टाका सात नंबरात न्हाऊन निघत होता, आणि मास्तर मशीनला रोज नवीन शिव्या देत होते.

आठवड्याच्या शेवटी पाणीखात्यातले साहेब दुकानात शिरले. हातात मास्तरांनीच शिवलेला नवा शर्ट आणि डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

"मास्तर, चला माझ्या घरी."

"काय झालं साहेब? कॉलर लागतेय का?"

"कॉलर नाही, बायको लागलीय. मागे लागलीय! 'हा वास कुणाचा?' म्हणते. 'पाणीखात्यात अशा वासाची कोण आहे?' म्हणते. अहो, पाणीखात्यात वास येतो तो क्लोरीनचा! काल मी ओट्याशी एकटा जेवलो. उभ्याने. चला, आणि सांगा तिला की हा वास तुमचा आहे."

मास्तरांनी शर्ट हुंगला. "छे! हा माझा नव्हे. मी लावतो ते वेगळंच आहे. हे बघा." त्यांनी मान पुढे केली.

दाराबाहेर उभी असलेली दोन माणसे टक लावून बघत होती, तरी साहेबांनी मास्तरांच्या मानेचा वास घेतला. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, तुम्हाला तर मशीनच्या तेलाचा वास येतोय."

"ते तर नेहमीच—" एवढे बोलून मास्तर थांबले. त्यांनी खिशातली बाटली काढली. पिशवीतली काढली. दोन्ही नाकाशी नेल्या. मग वाकून त्यांनी मशीनच्या सुईचा वास घेतला आणि ते स्टुलावर मटकन बसले.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तुमचं एक घर बिघडलंय. माझं तर पातेलंभर बिघडलंय."

ते सांगायला मास्तर घरी गेले. सूनबाई बाटल्यांवर छापील लेबले लावत होत्या आणि नात एकेक बाटली ओळीत मांडत होती. मालकीणबाई दुसऱ्या दिवशी घरी येणार होत्या. "बाबा, तुमच्यामुळे जमलं सगळं," सूनबाई म्हणाल्या. मास्तर मशीनला रॉकेल लागेल असे काहीतरी पुटपुटत परत फिरले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बाई स्वतःच दुकानात आल्या. शर्ट त्यांनी काउंटरवर आपटला.

"यांचं म्हणणं, हा वास तुमच्या मशीनचा आहे. इतकं खोटं बोलताना जरा तरी—"

"बाई, वाका आणि बघा."

बाई वाकल्या. सुई हुंगली, चाक हुंगले, टेबलाखालचा पट्टासुद्धा हुंगला. उभ्या राहिल्या तेव्हा राग उतरला होता, पण तो नेमका कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हते.

"घाणेरडा वास असता ना, तर मी यांच्यावर विश्वास ठेवला असता," त्या म्हणाल्या. "वास चांगला होता म्हणून तर रात्रभर झोप नाही. म्हटलं, असा वास असलेली बाई असेल तर आपलं काही खरं नाही."

मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, दुकानाला कुलूप घातले आणि म्हणाले, "बाई, हेच जरा माझ्या घरी येऊन सांगाल? शर्टही घ्या."

घरी मालकीणबाई बसल्या होत्या. हातात सात नंबर, कपाळावर आठी. "वास बरा आहे हो," त्या म्हणत होत्या. "पण सकाळी लावलं तर दुपारी उडून जातं का? लोक मलाच विचारतात. हे कोणी लावून बघितलंय?"

"बाबांनी!" सूनबाई अभिमानाने म्हणाल्या. "सांगा ना, बाबा!"

मास्तर दारातच उभे होते. नातीने खिंडीतून जीभ बाहेर काढून दाखवली.

"कोणीच लावलेलं नाही," मास्तर म्हणाले. "मी मशीनचं तेल लावलं. सात नंबर मशीनने लावलं."

त्यांनी खिशातली आणि पिशवीतली बाटली टेबलावर ठेवली. मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दोन्ही बाटल्यांकडे बघून तशाच आत गेल्या.

तेव्हा साहेबांच्या बाई पुढे झाल्या. त्यांनी शर्ट मालकीणबाईंच्या मांडीवर टाकला. "हे घ्या. या वासापायी माझ्या नवऱ्याला उभ्याने जेवायला घातलंय मी. दोनदा धुतलाय शर्ट."

"दोनदा?" मालकीणबाईंनी शर्ट नाकाशी नेला.

"दुसऱ्यांदा गरम पाण्यात."

मालकीणबाईंनी कॉलर पुन्हा हुंगली आणि आठी पुसल्यासारखी गेली. "सगळ्या बाटल्या द्या," त्या म्हणाल्या. साहेबांच्या बाईंनी त्यातली एक आधीच पर्समध्ये घातली होती.

दोघी गेल्यावर सूनबाईंनी उरलेली लेबले गोळा केली. मग म्हणाल्या, "बाबा, मग ते दुकान उघडल्यासारखं, घरी आल्यासारखं, ते...?"

"ते मशीनचं."

"कमाल आहे तुमची," सूनबाई म्हणाल्या. पुढे हसू आले की रडू हे ठरवता न आल्याने त्या चहा ठेवायला गेल्या.

रविवारचा अख्खा दिवस मास्तर मशीन उघडून रॉकेलने धूत बसले. प्रत्येक स्क्रू काढताना त्यांनी फुलांना नावे ठेवली. ताईच्या गावची नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली आणि नातीचे दात इथेच आले, थोडे वाकडे.

काही महिन्यांनी सूनबाईंनी एक नवी बाटली मास्तरांपुढे ठेवली. नंबर आठ. मास्तरांनी नाइलाजाने ते तेल मनगटावर लावले, हुंगले, पुन्हा हुंगले.

"पोरी, हे फसलंय. याला वासच नाही."

मास्तरीणबाई पलीकडे बसून बटणे लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आहे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून येतो तोच."

आठ नंबर बाजारात कधी गेले नाही. सूनबाई ते थोडेसेच करतात आणि ती बाटली मास्तरीणबाईंच्या कपाटात असते. वासाने त्यांचे डोके दुखते हे अजूनही खरे आहे. नात कॉलेजात गेली त्या वर्षी, थंडी सरता सरता, दुकानातून घरी येऊन हात धुताना शिंपीमास्तर वारले.