पाऊण किलोचं शिखर

आमच्या अझैब्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक गृहस्थ टेबलाच्या कडेवर टूथब्रश टेकवून लोखंड कापायच्या करवतीनं त्याचा दांडा कापत बसले होते. मी मस्कतला नवा, नोकरीचा दुसरा दिवस. मला वाटलं, इथे टूथब्रशसुद्धा दोघांत एक देतात की काय.

"ग्राम वाचवा भाऊ, किलो आपोआप वाचते," ते वर न बघता म्हणाले. मग तो बुटका ब्रश त्यांनी रिसेप्शनवरच्या कुरिअरच्या काट्यावर ठेवला, आकडा वाचला आणि समाधानानं मान हलवली.

हे मेश्रामसाहेब. भंडाऱ्याचे, स्ट्रक्चरल ड्राफ्ट्समन, उंची पाच फूट दोन इंच. त्यांच्याकडे एक निळी सत्तर लिटरची ट्रेकिंगची बॅग होती. ती पाठीवर चढली की मागून साहेब दिसायचेच नाहीत, बॅगच दोन पायांवर चालत निघाल्यासारखी वाटायची. लिफ्ट चालू असताना ती पाठीवर घेऊन ते रोज संध्याकाळी आपल्या बिल्डिंगचे सहा मजले तीनदा चढायचे. खालचा ओमानी शेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि प्रत्येक फेरीला "यल्ला, मिश्राम!" म्हणून टाळ्या वाजवायचा.

टी-बॅगचे दोरे ते तोडायचे. शर्टाच्या कॉलरमागची लेबलं उसवायचे. नकाशा घेतला तर त्यातला आपल्याला न लागणारा समुद्र कातरून टाकायचे. आणि एवढं सगळं करून बॅगेचं वजन भरायचं चोवीस किलो! आमचा ऑफिसबॉय एकदा ती उचलायला गेला आणि तिच्यावरच बसला. आत काय आहे, असं विचारलं की साहेब म्हणायचे, "सामान आहे ना जी."

सुट्टी लागली की साहेब निघायचे. साहसाचे त्यांचे तीन भाग ठरलेले: राफ्टिंग, जंगल सफारी आणि शेवटी जेबेल शम्सचं शिखर. ओमानातला सगळ्यात उंच डोंगर तो. साहेब त्यावर अकरा वेळा गेले होते आणि अकराही वेळा शिखर न गाठता परतले होते. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक रिकामी फोटोफ्रेम टांगलेली असायची. शिखरावरचा फोटो त्यात लागायचा होता. सुट्टीनंतर सगळं ऑफिस आधी त्या फ्रेमकडे बघायचं आणि मग साहेबांकडे. साहेब म्हणायचे, "टाइम खलास झाला, भाऊ. डोंगर कुठं पळून राहिला?"

डोंगर पळणार नव्हता, पण साहेबांची साठी आली. डिसेंबरअखेर व्हिसा रद्द होऊन ते कायमचे भंडाऱ्याला जाणार होते. नोव्हेंबरातल्या राष्ट्रीय दिनाची चार दिवसांची सुट्टी ही त्यांची शेवटची संधी. तोवर मला त्यांचा इतका लळा लागला होता, की मी माझी फोर व्हील काढली आणि ऑफिसात जाहीर करून टाकलं, की यंदा साहेबांना वर नेल्याशिवाय परत आणणार नाही. निघायच्या दिवशी पाहतो तर भिंतीवर नुसता खिळा. साहेबांनी फ्रेमसुद्धा बॅगेत भरली होती! आम्हाला कोण आनंद झाला. म्हणजे साहेबांनीही मनावर घेतलं होतं.

पहिल्या दिवशी राफ्टिंग. त्यासाठी साहेबांनी मस्कतच्या हमरिया भागातल्या दुकानातून रबरी तराफा आणला होता. अडचण एवढीच, की आम्ही गेलो त्या वादीतलं, म्हणजे इथल्या डोंगरी ओढ्यातलं, पाणी वाहत नव्हतं. डोंगराच्या घळीतला तो स्वच्छ हिरवा डोह, अगदी गप्प. साहेबांनी हेल्मेट चढवलं, मला पुढे बसवलं आणि आरोळी दिली, "फॉरवर्ड! हार्ड फॉरवर्ड!" आम्ही जीव तोडून वल्ही मारली. शेजारून एक आजोबा डोक्यावर चपला धरून पोहत आम्हाला मागे टाकून गेले. साहेबांनी त्यांना सलाम केला आणि मला म्हणाले, "त्यांच्याजवळ सामान नाही ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशी वाळवंटात सफारी. ओरिक्स नावाचं पांढरं, लांब शिंगांचं हरीण तिथे असतं. साहेबांना ते दुर्बिणीतून दिसलं. तासभर आम्ही पोटावर पडून श्वास रोखून पाहिलं. शेवटी तिथल्या भटक्या टोळीतला एक बदू म्हातारा आला आणि त्या हरणाला दोरीनं ओढत घेऊन गेला. बकरी होती. म्हाताऱ्यानं आम्हाला कॉफी आणि खजूर दिले. साहेबांनी वहीत लिहिलं, 'प्राणी एक, माणूस एक, दोन्ही उत्तम.'

दोन्ही दिवस वाटेत साहेब मला मुख्य रस्ता सोडून कुठल्या तरी पंपहाऊसपाशी, कुठल्या तरी कॅम्पपाशी गाडी थांबवायला लावत होते. "पाच मिनिटांचं काम आहे." बॅग घेऊन आत जायचे आणि अर्ध्या तासानं परत यायचे. बॅग दरवेळी जरा हलकी दिसायची. मी विचारलं नाही. मला फक्त शिखराची घाई होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. सहाच्या आत चढायला लागलो तरच उजेडात परत येता येतं. पावणेसहा वाजले होते आणि साहेब म्हणाले, "डावीकडं घे, परेराभाऊ. पंधरा मिनिटं."

रस्त्याचं काम चालू होतं तिथे पत्र्याच्या चार केबिन होत्या. एकीच्या पायरीवर तिशीतला एक माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. साहेबांना बघून उठला. "जय भीम, काका," एवढंच म्हणाला.

तो मनोहर, भंडाऱ्याकडचाच, जेसीबी चालवणारा. वीस दिवसांपूर्वी त्याचे वडील वारले होते. कामाची मुदत जवळ आली होती आणि फोरमन रोज म्हणत होता, पुढच्या आठवड्यात सोडतो, इन्शाल्ला. गावात वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला, आणि थोरला मुलगा इथे दगड उचलत राहिला.

साहेबांनी बॅग उघडली. आतून काय निघालं! ठेच्यासाठी दगडी खलबत्ता. महिनाभराची मराठी वर्तमानपत्रं, घडी घालून दोरीनं बांधलेली. भाजणी, सावजी मसाला, कुकरची रिंग. मग पांढरा कपडा, मेणबत्त्या, बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो. आणि सगळ्यात खालून, टॉवेलात गुंडाळलेली ती फ्रेम.

फ्रेम रिकामी नव्हती. फेटा बांधलेला एक वाळका म्हातारा तिच्यातून आमच्याकडे रोखून बघत होता. मनोहरच्या मोबाइलमधला फोटो साहेबांनी मागवून घेऊन हमरियातल्या स्टुडिओत मोठा करून आणला होता.

मनोहरनं ती फ्रेम हातात घेतली आणि मोठ्यानं रडायला लागला. वीस दिवस तो रडला नव्हता, असं त्याच्या खोलीतल्या बंगाली स्वयंपाक्यानं मला नंतर सांगितलं.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "म्हणजे आज वर जाणं होणार नाही, हे तुम्हाला घरूनच ठाऊक होतं?"

"होय ना जी."

"मग मला कशाला आणलंत?"

"तुझी गाडी फोर व्हील आहे," साहेब म्हणाले. "अन् कार्यक्रमाला चार माणसं तरी लागतात."

चार माणसं झाली: मी, बंगाली स्वयंपाकी, एक पेशावरचा डंपर ड्रायव्हर आणि स्वतः साहेब. पत्र्याच्या केबिनमध्ये पांढऱ्या कपड्यावर तिन्ही फोटो मांडले, मेणबत्त्या लावल्या. साहेब त्रिशरण, पंचशील म्हणू लागले, मनोहर मागून म्हणू लागला. मी वसईचा परेरा. डोळे मिटल्यावर सवयीनं माझा हात क्रूस काढायला कपाळाकडे गेला आणि ओशाळून तिथेच थांबला. साहेब एक डोळा उघडून पुटपुटले, "काढ ना भाऊ, काही नाही होत." मी काढला.

मग साहेबांनी मनोहरला वडिलांबद्दल बोलायला लावलं. कोणाला मराठी कळत होतं, कोणाला नव्हतं, सगळे ऐकत होते. म्हातारा बैलाला शिव्या द्यायचा आणि लगेच त्याची माफी मागायचा, हे सांगताना मनोहर हसला. दुपारी खलबत्त्यात ठेचा कुटला आणि भाकऱ्या झाल्या. पेशावरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ठेच्याचं की कशाचं, कोण जाणे. खिडकीतून जेबेल शम्स पूर्ण दिसत होता. साहेबांनी एकदा तिकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

परतीच्या वाटेवर ते आपणहून बोलले. ते या देशात पहिल्यांदा आले तेव्हा वाळवंटातल्या कॅम्पवर होते. आई गेल्याचं पत्र त्यांना बावीस दिवसांनी मिळालं. "त्या दिवशी कॅम्पवर पाण्याचा टँकर आला होता. दुसरं कोणी नाही आलं." मग म्हणाले, "ग्राम वाचवले ना, म्हणजे खलबत्त्याले जागा होते."

अकरा वेळा शिखर का राहिलं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतकी स्वतःची लाज वाटली, की तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणालो, "पण शिखर राहिलं ना, साहेब."

"राहिलं," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. "मले लई जायचं होतं, परेराभाऊ."

डिसेंबरात साहेब गेले. जाताना बॅग माझ्याकडे ठेवून गेले. दर शुक्रवारी भंडाऱ्याहून फोन येतो, "किती किलो झाली बॅग?" मी आकडा सांगतो, ते नावं सांगतात, कोणाकडे काय न्यायचं ते. त्यांची बायको वारलेली, मुलं पुण्याला, घरात एकटेच. एकदा मी सहज विचारलं, "तुमच्याकडे कोण येतं, साहेब?" तर म्हणाले, "पोस्टमन येते ना कधी कधी," आणि विषय बदलला.

गेल्या महिन्यात मी आणि मनोहर पहाटे निघून जेबेल शम्सच्या माथ्यावर गेलो. वर फार काही नाही. वारा आणि दगड. मनोहरनं त्यातला एक निवडून खिशात घातला, खाली आल्यावर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काकांना."

पुढच्या आठवड्यात मी सुट्टीवर निघतोय. वसईला जायच्या आधी भंडाऱ्याला जाणार आहे, साहेबांना सांगितलेलं नाही. बायकोनं वसईला न्यायला दिलेल्या सामानानं बॅग आधीच काठोकाठ भरली आहे, आणि तो दगड कुरिअरच्या काट्यावर पाऊण किलो भरला.

आज जेवणाच्या सुट्टीत मी करवत मागून आणली आणि टूथब्रशचा दांडा कापला.