सुदामा नगरातली गुड्डी

"बाजारचा केक या घरात येणार नाही! स्पृहाचा केक मी करणार आणि एकटीनं करणार!"

देवयानीने हे जेवताना इतकं ठणकावून सांगितलं, की सासऱ्यांच्या हातातला पोळीचा तुकडा आमटीत पडला.

स्पृहाला चार वर्षं पूर्ण होणार होती. या वयाच्या मुलींना केकवर परी हवी असते, ससा हवा असतो. स्पृहाला कचरागाडी हवी होती! इंदूरच्या सुदामा नगरात रोज सकाळी गाणं वाजवत येणारी ती पिवळी गाडी. स्पृहाने तिचं नाव गुड्डी ठेवलं होतं, आणि तिच्या चित्रांत गुड्डीला मोठे डोळे आणि हसरं तोंड असायचं. गाणं कानावर पडलं की ही पोर तोंडातला ब्रश तसाच ठेवून फाटकाकडे धावायची आणि ओला कचरा कुठला, सुका कुठला, हे गाडीवाल्यालाच बजावून सांगायची.

"वाढदिवसाला पोरीपुढे कचरागाडी ठेवून ओवाळायचं?" सासूबाईंनी, म्हणजे सरोजिनीबाईंनी, कपाळाला हात लावला. "लोक काय म्हणतील? त्यापेक्षा बदक कर ना! बदकपण पिवळंच असतं."

"तिला गुड्डी हवीय, आई. गुड्डीच होणार."

"करू दे ना तिला, अरे यार," देवयानीचा नवरा मानस मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "बिगडला तर बघून घेऊ."

बिगडला तर! देवयानी मूळची साताऱ्याची, हट्टाला पक्की. हे दोन शब्द तिच्या डोक्यात गेले ते गेलेच. केक चांगला व्हायलाच हवा होता, आणि स्पृहाने तो बघताक्षणी ओळखायला हवा होता. बाकी जगाचं तिला काही पडलेलं नव्हतं.

वाढदिवसाच्या सकाळी तिने बिनअंड्याचा केक भाजला. पुढे ड्रायव्हरची केबिन कापली. मागे कोरून दोन कप्पे केले, ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. सगळ्यावर पिवळं क्रीम, पुढे डोळे, हसरं तोंड आणि चाकांसाठी चार गोल बिस्किटं. चाकं शेवटी लावायची म्हणून ती बशीत काढून ठेवली आणि देवयानी हात धुवायला गेली.

परत येऊन बघते तर बशीत दोनच चाकं! शेजारी सासरे शरच्चंद्रराव शांतपणे चहा पीत बसलेले.

"बाबा! माझी चाकं!"

"अच्छा, ती चाकं होती?" ते मिशी पुसत म्हणाले. "मला तर वाटलं चहासोबत ठेवलीत. जरा मऊ होती, बरं का."

घरात दुसरं बिस्किट नव्हतं. शेवटी मागच्या बाजूला दोन गोल खाऱ्या मठऱ्या लावाव्या लागल्या. देवयानीने दातओठ खात त्या क्रीममध्ये दाबल्या, आणि गुड्डी मागून थोडी तिरकी झाली. मे महिना होता. क्रीमने धीर सोडला, डावा डोळा हळूहळू गालावर उतरला. पंखा लावावा तर क्रीमवर धूळ, न लावावा तर दुसरा डोळाही निघाला! ती फ्रीजमध्ये जागा करायला वळली. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अगं बाई, केक मधे बसला की! खड्डे पडलेत. थांब, मी ठीक करते."

आणि त्यांनी दोन्ही कप्पे काठोकाठ शेवेने भरून टाकले!

इंदुरात पोह्यांवर शेव, भाजीवर शेव, इथपर्यंत देवयानीने लग्न झाल्यापासून सगळं सोसलं होतं. पण केकवर शेव?

"आई!! ते खड्डे नाहीत, कप्पे आहेत!"

"ओरडतेस काय? उज्जैनची शेव आहे, लवंग घातलेली, लौंगवाली!"

चमच्याने एकेक शेव वेचताना देवयानीच्या डोळ्यांतून रागाने पाणी आलं. त्यातच मानस डोकावला. बायकोचं तोंड बघून त्याला वाटलं, कौतुक केलेलं बरं.

"वा! हत्ती एकदम कडक झालाय!"

देवयानीने फक्त चमचा खाली ठेवला. मानस दोन पावलं मागे सरकला. नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. दारात खोकं होतं, आणि खोक्यात बेकरीचं गुबगुबीत, गुळगुळीत, हसरं बदक.

"बॅकअप गं," मानस पुटपुटला. "आई म्हणाली..."

"बॅकअप? माझ्यावर एवढा भरवसा? ठीक आहे! दोन्ही केक टेबलावर ठेवा. स्पृहाने माझा ओळखला नाही, तर या घरात मी पुन्हा ओव्हनला हात लावणार नाही!"

बोलून गेली खरी, पण आतून ती घाबरली होती.

संध्याकाळी पाहुणे जमले. कुणी गुड्डीला राजवाडा म्हणालं, कुणी जहाज म्हणालं. देवयानी प्रत्येकाकडे असं बघत होती, की तिसऱ्या कुणी तोंडच उघडलं नाही.

स्पृहा घेरदार फ्रॉक घालून आली. "बदक!" तिने टाळ्या पिटल्या. सासूबाई गालातल्या गालात हसल्या. मग स्पृहा गुड्डीपुढे आली आणि नुसती बघत राहिली. आजोबा हळूच "गा... गा..." करायला लागले, त्यांना सुनेने डोळे वटारून गप्प केलं.

मग स्पृहा पाठ फिरवून सरळ आत निघून गेली.

संपलं! देवयानीचा चेहरा पडला. मानसला काय काय ऐकवायचं, हे ती मनात जुळवायला लागली.

एवढ्यात स्पृहा धावत आली. तिच्या हातात केळ्याचं साल होतं. ते तिने थप्पकन हिरव्या कप्प्यात टाकलं.

"ओला इकडे डालायचा!" मग वेफर्सचं रिकामं पाकीट निळ्या कप्प्यात. "सुका इकडे! माझी गुड्डी आली!"

"ओळखली! बघितलंत? माझ्या पोरीने ओळखली!" देवयानी ओरडली. तोवर सगळी पोरं कामाला लागली होती. कांद्याची सालं, चहाचा चोथा, कागदी पेले, आजोबांनी नाक पुसलेला रुमालही. देवयानी एकेकाला शाबासकी देत होती!

"पण अगं," मानस दबकत म्हणाला, "आता हा खायचा कसा?"

गुड्डी कचऱ्याने गच्च भरली होती. स्पृहा तिला कुणाला हात लावू देईना.

सगळ्यांनी बदक खाल्लं. देवयानीने "मला नको" म्हणून बशी परत पाठवली. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून तिने बदकाची उरलेली शेपटी तोंडात टाकली.

केक उत्तम होता. दिवसभरात तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच!