तातू मेस्त्री आणि न्हाणीचं दार

तातू मेस्त्रींकडे कुठलीही तक्रार घेऊन गेलं की ते आधी नारळ शोधायचे.

हातोडी नाही, नारळ. खरं तर माणूस हाडाचा सुतार. होड्या, मचवे बांधण्यात अर्धी हयात गेलेली. समोर लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं टकटक करून ‘फणस’, ‘आयन’, ‘सागवान, पण कोवळो’ असा निकाल द्यायचे. पण माझ्यासारख्या भाडेकरूनं ‘मेस्त्री, खिडकीची कडी निघाली’ असं म्हटलं की ते गंभीर व्हायचे, ‘घालूया गाऱ्हाणा’ म्हणायचे आणि नारळ घेऊन आवारातल्या आंब्याखाली जायचे. तिथे एक दगड होता. तो घराचा राखणदार. त्याच्यापुढे नारळ ठेवून, हात जोडून, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते माझी तक्रार सादर करायचे. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शेजारीपाजारी कुंपणाशी जमायचे. कागद एकदा वर गेला की मेस्त्री मोकळे.

मला रागवायचा अधिकार फारसा नव्हता, कारण मीही कचेरीत कारकूनच होतो. दिवसभर लोकांना ‘तुमचा कागद वर गेलाय’ असं सांगून वाटेला लावायचं, हीच माझी नोकरी. फरक इतकाच, की मेस्त्री निदान नारळाचा तुकडा हातावर ठेवायचे.

महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझी बदली कऱ्हाडहून मालवणला झाली. घाट उतरताना एस.टी.त दोनदा ओकून, रिकाम्या पोटी आणि ताठ मानेनं मी मेस्त्रींच्या दोन खोल्या पाहिल्या आणि पसंत केल्या. न्हाणी मात्र पाहिली नाही. ती विहिरीजवळ होती, बाहेर. तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, आणि चौथ्या बाजूला दाराच्या जागी गोणपाट. समोरून बाजाराची पायवाट. समुद्राचा वारा सुटला की गोणपाट एकदम आडवं व्हायचं.

आत माणूस आहे हे जगाला कळावं म्हणून मी अंघोळ करताना मोठ्यानं पावकी-निमकीचे पाढे म्हणू लागलो. आठ दिवसांत मासे विकायला जाणाऱ्या बायकांनी माझं घड्याळ करून टाकलं. ‘चल गो, भाऊसाहेब निमकीर इले, उशीर झालो!’ असं म्हणत त्या पाट्या सावरून धावायच्या. लहानपणी पाठ न झालेली निमकी मला मालवणात पक्की झाली.

एकट्यापुरतं हे चाललंही असतं. पण मला बायकोला आणायचं होतं. लग्नाला वर्ष झालं होतं, आणि त्यातले जेमतेम दीड महिने आम्ही एका छपराखाली काढले होते. सासरे बिऱ्हाड पाहायला म्हणून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला गेले. त्यांना निमकी म्हणायची सूचना द्यायला मी विसरलो. वारा सुटला, आणि बाजाराच्या ऐन वेळेला गोणपाट आडवं झालं. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त बायकांचं ‘अगे बाये!’ ऐकलं. सासरे दुपारच्या एस.टी.नं परत गेले. जाताना एकच वाक्य बोलले, ‘न्हाणीला दार बसल्याशिवाय मुलगी पाठवणार नाही.’

मी धावत मेस्त्रींकडे गेलो. ते पायरीवर बसले होते.

‘दार व्हया? घालूया गाऱ्हाणा.’

आणि घातलं.

‘बा देवा म्हाराजा! ह्यो घाटावरचो कारकून तुझ्या पायाकडे इलोहा. तेच्या न्हाणयेक दार नाय. दार नाय म्हणान तेचो सासरो तेच्या बायलेक धाडीत नाय. बायल नाय म्हणान तेच्या जिवाक थारो नाय. तर तेची अडचण दूर कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळी वाडी ओरडली. त्या दिवसापासून रस्त्यात अनोळखी माणसंही ‘येतली, येतली’ असा मला धीर द्यायला लागली.

दुसरं बिऱ्हाड बघावं, तर जो तो विचारी, ‘बायल खंय आसा? ती इली की मगे बघूया.’ बायको येईना म्हणून घर मिळेना आणि घर नाही म्हणून बायको येईना. शेवटी मी माझं एकमेव हत्यार उपसलं. मेस्त्रींना अर्ज लिहिला. ‘सविनय विनंती विशेष’ अशी सुरुवात, खाली सही, तारीख. त्यांनी तो कौतुकानं उलटसुलट पाहिला आणि राखणदाराच्या दगडाखाली ठेवला. पुढचे तीनही तिथेच गेले. पावसात त्यांचा लगदा झाला. आमच्या कचेरीत याहून वेगळं काही होत नसे, त्यामुळे मला तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

तरी रोज संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर जायचोच. ‘मेस्त्री, दार?’ ‘लाकूड सुकाक व्हया, भाऊसाहेब.’ मग लाकूड किती सुकतं, कुठलं वाकतं, एका मचव्याला पाणी कसं लागलं आणि तो तरी कसा तरला, हे सगळं ऐकत मी बसायचो. कधी ते बांगड्याचं तिखलं समोर ठेवायचे. काट्यांशी झटापट करताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते खूश होऊन हसायचे. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुंबईला. ‘चवथीक येतलो’ म्हणायचे. मी तिथे असताना एक चतुर्थी होऊन गेली. मोदक मीच खाल्ले.

मग बायकोचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं, ‘इथे सगळ्या मला विचारतात, तुला टाकली का?’ ते वाचून माझं डोकं फिरलं. दुपारी साहेबांची परवानगी घेऊन मी कचेरीतून निघालो. खिशात मेस्त्रींना द्यायची नोटीस होती, माझ्या सर्वांत कडक भाषेत लिहिलेली. आवारात शिरलो तर मेस्त्री आंब्याखाली. समोर नारळ. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि आवाजही नेहमीचा नव्हता.

‘बा देवा म्हाराजा. दार होवन सा म्हयने झाले. मांगरात उभा आसा. लावलंय तर भाऊसाहेबांची बायल येतली, तेंचा सगळा बरा होतला. मगे ह्यो म्हातारो तेंका कित्याक व्हयो? आदलो भाडेकरू मास्तर होतो, तेची कडी लावन दिलंय, तवसून तो पायरी चढूक नाय. गेलो तेवा सांगूकय नाय. पण माझा चुकता हा म्हाराजा. तेंची बायल, लोकाचा चेडू, थय रडता हा. माका बुद्दी दी.’

‘व्हय’ म्हणायला कुंपणाशी कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःच, अगदी हळू, म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’

मला राग यायला हवा होता. सहा महिने दार मागच्या खोपटात तयार उभं होतं! पण आली ती लाज. मी रोज त्यांच्याकडे जात होतो तो दारासाठी, आणि त्यांना वाटत होतं त्यात काही चूक नव्हती. दार बसलं असतं तर मीही त्या मास्तरासारखाच पायरी विसरलो असतो.

मी पाय न वाजवता फाटकापर्यंत मागे गेलो आणि तिथून मोठ्यानं निमकी म्हणत पुन्हा आत आलो. मेस्त्री लगबगीनं पायरीवर येऊन बसले होते. मीही बसलो. नोटीस खिशातच राहिली.

‘मेस्त्री,’ मी म्हटलं, ‘एक अडचण आहे. आमच्या हिला माशातलं ओ की ठो कळत नाही. ती आली तर तिला शिकवणार कोण? मला तर काटासुद्धा काढता येत नाही.’

त्यांनी एकदा मागच्या मांगराकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘तिखला म्हणजे काय कठीण नाय. तिरफळां मात्र बेतान घालूक व्हयी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीनं मला जाग आली. न्हाणीला दार बसलं होतं. फणसाचं, पिवळंधमक, आतून कडी, आणि वर हवेसाठी कोरलेली जाळी. मचव्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, करावं तसं कोरीव काम. मी तिथूनच पोस्टात गेलो आणि सासऱ्यांना तार केली, ‘दार बसले.’

आठवड्यानं बायको आली. मग काय, मी घरात रमलो. पहिले चार-पाच दिवस पायरीकडे फिरकलोही नाही. सहाव्या दिवशी खिडकीतून पाहिलं, तर मेस्त्री एकटेच बसलेले, बसल्या जागी पायरीच्या कडेला टकटक करत. ती लाकडाची नव्हती, चिऱ्याची होती.

मी सुरी घेतली आणि खिडकीच्या बिजागरीचा एक स्क्रू काढला. तो तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो.

‘मेस्त्री, बघा, खिडकीचा स्क्रू पडला.’

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, त्याच्या डोक्यावरचे सुरीचे ओरखडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. सुतारापुढे कारकुनानं कसली लबाडी करावी! मी नजर चुकवून विहिरीकडे पाहू लागलो.

‘फुडच्या वेळाक माझो पेचकस न्हेवा,’ ते म्हणाले. ‘सुरयेन डोक्याचा वाटोळा होता.’

आणि ते नारळ शोधायला उठले.

‘बा देवा म्हाराजा! भाऊसाहेबांच्या खिडकेचो स्क्रू...’ त्यांनी सुरुवात केली आणि ‘व्हय’साठी कुंपणाकडे पाहिलं. कुंपणाशी अजून कुणी जमलं नव्हतं.

तेवढ्यात न्हाणीच्या बंद दारामागून, तांब्याचा आवाज थांबवून, आमच्या हिनं खणखणीत आवाजात म्हटलं, ‘होय महाराजा!’