राणीला पिल्लं हवीत का?

प्रज्योतच्या पालीची अंडी फुटली, ही बातमी ऑफिसात ऐन चहाच्या वेळेला आली आणि रुद्रेशच्या घशात पावाचा घास अडकला.

डिचोलीतल्या त्या सरकारी कार्यालयात पाळीव पाल हा विषय आतापर्यंत एकट्या रुद्रेशचा होता. दोनेक वर्षांपूर्वी त्याने वनखात्याकडे रीतसर नोंद करून एक लेपर्ड गेको आणली होती. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, वीतभर लांबी, जाडजूड शेपूट आणि बघावं तेव्हा गालात हसत असल्यासारखं तोंड. नाव राणी. ही पाल भिंतीवर चढत नाही, हिला पापण्या असतात, ही मालकाला वासावरून ओळखते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि लोक ऐकून घ्यायचे. सरळ नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात लोकांनी ऐकून घ्यावं असं फारसं काही नसतं. रुद्रेशकडे राणी होती.

पेडण्याहून रोज मोटरसायकलने येणारा प्रज्योत हे सगळं त्याच्याकडूनच शिकला. त्याने आधी मादी घेतली, मग गुपचूप नर घेतला, आणि आता त्याच्या मोबाइलवर करंगळीएवढी पट्टेरी पिल्लं वळवळत होती. सगळं ऑफिस त्याच्या टेबलाभोवती जमलं होतं. सहसा केबिनबाहेर न पडणारे साहेबसुद्धा चष्मा कपाळावर चढवून वाकले होते.

"रुद्रेशबाब, तुजी राणी अजून एकटीच काय रे?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"आमचोय इचार चालू आसा," रुद्रेश म्हणाला. असा काही विचार त्याने त्या क्षणापर्यंत केलेला नव्हता.

"मगे म्हजो नर घेवन येतंय," प्रज्योत मोठ्या मनाने म्हणाला. "तू वास्कोच्या ट्रेनिंगासून परत इलंस काय त्याच आयतारा." त्याच्या मनाचा हा मोठेपणाच रुद्रेशला जास्त झोंबला.

सर्वणला घरी पोचल्यावर त्याने चपला काढता काढता बायकोसमोर विषय काढला. विनिता ओट्याशी बांगडे साफ करत होती. तिने आजवर राणीला एकदाही हात लावला नव्हता. राणीच्या काचेच्या पेटीवरून ती केर काढायची तेसुद्धा लांबून, झाडणीच्या टोकाने.

"पिल्लां कोणाक दितलात?" तिने विचारलं.

"लोक रांग लायतले."

"पालीक? आमच्या भिंतीर इतक्यो आसत. फुकट. त्यांका कोण विचारीना."

"त्यो वेगळ्यो गो."

"बरां. अंडी खंय ठेवतलात?"

"उबवणीची पेटी मेळता. लायटीवर चलता."

"आणि लायट गेल्यार?"

रुद्रेशने पंख्याकडे पाहिलं. पंखा त्या वेळी बंदच होता, कारण लाइट नव्हती.

"वाडल्यावर ती एका पेटयेत रवनत नाय म्हणून तुमीच सांगलेलां," विनिताने बांगड्याचं डोकं उडवलं. "म्हणजे दर पिल्लाक एक पेटी. तितक्यो पेटयो खंय? देवघरात?"

"वास्कोसून येतंय, मगे बोलूया," असं म्हणून रुद्रेश सटकला. वास्कोला त्याचं पंधरवड्याचं प्रशिक्षण होतं. रोज जाऊन-येऊन करणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथेच राहायचं ठरलं होतं. प्रश्न एवढाच होता की तोवर राणीला खायला कोण घालणार. घरात विनिताशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"चिमट्यान घालतंय," ती म्हणाली. "हात लावचंय नाय. आधीच सांगतंय."

त्याने तिला किड्यांचा डबा दाखवला, किडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळून कसे द्यायचे ते दाखवलं, पाण्याची वाटी दाखवली. ती नाकाला पदर लावून ऐकत राहिली. बस सुटेपर्यंत त्याला बायकोची काळजी वाटत होती, आणि बस सुटल्यावर राणीची.

वास्कोहून तो रोज संध्याकाळी फोन करायचा. सुरुवातीला उत्तर एकाच शब्दात यायचं. "खाल्ल्यान." मग वाक्यं लांबत गेली. "आज पेटयेतसून माज्याकडे बघत रवली." "आज चिमटो मेळूक नाय, म्हणून हातान दिलंय. चावली नाय." रुद्रेशला बरं वाटलं. बायकोला शेवटी गोडी लागली, आता पिल्लांचं काम सोपं होणार, असा त्याने हिशेब केला. मग एका संध्याकाळी विनिता म्हणाली, "आज तिची मान खाजयलंय. डोळे मिटून गप रवली."

रुद्रेशने फोन ठेवला. दोन वर्षांत राणीने त्याच्यासमोर डोळे मिटले नव्हते. त्या रात्री प्रशिक्षणार्थींच्या जेवणात चोणक मासा होता, तो त्याने ताटातच ठेवला.

तो परत आला तेव्हा पेटी रिकामी होती. स्वयंपाकघरात धावला, तर विनिता आदोळीवर बसून नारळ खवत होती आणि राणी तिच्या खांद्यावर बसून खाली पडणारा खोबऱ्याचा चून बघत होती.

"राणी," त्याने हाक मारली.

राणीने त्याच्याकडे पाहिलं, जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसला आणि तोंड विनिताच्या मानेकडे वळवलं.

"झोप इली आसतली तिका," विनिता म्हणाली. तिने हे समजूत काढायच्या सुरात म्हटलं, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

त्याने हात धुतले, डबा उघडला, किडा पावडरीत बुडवून राणीसमोर धरला. राणी ढिम्म हलली नाही. विनिताने तोच किडा त्याच्या हातून घेतला, पुन्हा एकदा पावडरीत घोळवला, वरची जास्तीची झटकली आणि पुढे केला. राणीने तो लगेच गट्ट केला.

"तुमी नुसते बुडयतात," ती म्हणाली. "बांगड्याक रवो लायतात तशी लावची पडता." मग राणीच्या पाठीवरून बोट फिरवत तिने सांगून टाकलं, "मी इचार केलंय. पिल्लां करूया. प्रज्योतभावजींक फोन करून सगळां विचारलंय. आयतारा नर घेवन येतत."

याच गोष्टीसाठी रुद्रेश वास्कोला जाईपर्यंत झुरत होता. आता मात्र त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र उभं राहिलं. विनिता नारळ खवते आहे, दोन्ही खांद्यांवर पाली, दोन्ही हातांवर पाली, आणि त्या सगळ्या मिळून त्याच्याकडे बघून डोळे पुसताहेत.

"नको," तो म्हणाला.

"कित्याक?"

"लायट जाता."

"इन्व्हर्टर घेवया."

"आणि पेटयो? देवघरात ठेवतलंस?"

"देव खंय नाय म्हणतत," विनिता म्हणाली.

रविवारी प्रज्योत आपला नर भोकं पाडलेल्या डब्यात घालून, वर टॉवेल गुंडाळून हजर झाला. विनिताने बाहेरच्या खोलीत टीपॉयवर शेव-चिवडा मांडला. ती आणि प्रज्योत समोरासमोर बसले आणि बोलायला लागले. मादीचं वय, शेपटीची जाडी, अंडी ठेवायची माती किती ओली असावी. रुद्रेशने दोनदा मध्ये तोंड घातलं. पहिल्यांदा प्रज्योतने हात वर करून त्याला थांबवलं. दुसऱ्यांदा विनिता म्हणाली, "तुमी च्या ठेवा मरे जरा."

रुद्रेशने चहा ठेवला. ज्या घरात त्याने पाल आणली त्या घरात तो आलं किसत होता आणि बाहेर त्याच्याच पालीचा संसार ठरत होता. चहा ओतून तो बाहेर आला, तेव्हा राणी विनिताच्या मनगटावर होती आणि प्रज्योत पालीच्या हनुवटीखाली बोट फिरवत होता. राणीने डोळे मिटले होते.

"पुरे," रुद्रेश म्हणाला. ट्रे आदळला. "पाल माजी आसा. इचार मी करतलंय." आणि पुढे होऊन त्याने राणीला उचललं. म्हणजे उचलायला गेला. राणी दचकली, उसळली, विनिताच्या मांडीवर पडली, आणि रुद्रेशच्या चिमटीत नुसतं शेपूट राहिलं.

ते शेपूट जिवंत असल्यासारखं वळवळत होतं. रुद्रेशने घाबरून सोडलं. ते चिवड्यात पडलं आणि तिथे नाचत राहिलं.

शेंगदाणे उडत होते.

"परत येता," शेवटी प्रज्योत म्हणाला. "पयल्यासारखा नाय, पण येता. मात्र आता पिल्लांचा नाव काडू नको. तिची सगळी ताकद शेपटीतच आसता. ती परत भरासर तिका अंडी झेपची नाय." त्याने आपल्या नराचा डबा पुन्हा टॉवेलात गुंडाळला.

अशा रीतीने निर्णय झाला. घेतला कोणीच नाही.

विनिताने राणीला पेटीत ठेवलं, खालची माती काढून स्वच्छ कागद घातला, पण ती नवऱ्याला एक शब्दही बोलली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. रुद्रेश पायरीवर जाऊन बसला. आतून त्याला तिचं दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. "भावजी, तुमच्या पिल्लांतला एक आमका दियात. ह्येंका. तेंचा असा काय तरी आसूक होया."

ज्या पिल्लांवर तो इतके दिवस जळत होता त्यांतलंच एक मंगळवारी दुपारी ऑफिसात त्याच्या टेबलावर आलं, पावाच्या पिशवीत, छोट्या डब्यातून. सगळ्यांनी पुन्हा गर्दी केली, आणि या वेळी ती रुद्रेशच्या टेबलाभोवती होती. त्याने पिल्लाचं नाव युवराज ठेवलं. ऑफिसात मात्र जो तो विचारायचा, "प्रज्योताचा पिल्लू कसा आसा?"

कसं होतं ते तो सांगत नव्हता. युवराज त्याच्या हातून काही खात नव्हता. त्याने पावडर झटकून पाहिली, न झटकता पाहिली, चिमट्याने दिलं, तळहातावर ठेवलं. विनिता लांब उभी राहून बघायची. आता दोघं पुन्हा बोलत होती, पण पालीच्या बाबतीत तिने तोंडाला कुलूप घातलं होतं. चार दिवस पिल्लू उपाशी राहिलं तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. त्या सकाळी ऑफिसला निघताना रुद्रेशला ते दिसलं.

चहाच्या वेळी प्रज्योत त्याच्या टेबलापाशी आला.

"वहिनीचो फोन इल्लो," तो म्हणाला. "तुज्याकडे करूक धजली नाय. पिल्लू जेवला म्हणान सांग म्हणाली. पाच किडे खाल्ल्यान. हातातसून."

रुद्रेशने कोणाच्या हातातून ते विचारलं नाही. समोरच्या कागदांची चळत उगाच सरळ केली.

प्रज्योतने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि जवळ सरकून बसला. "आमच्याकडे सगळी कोमलच्याच हातातसून खातत," तो हळूच म्हणाला. कोमल त्याची बायको. "नर, मादी, पिल्लां, सगळी. माज्याकडे एक बघीना. म्हणान तर पिल्लां केली मरे. म्हटलां, इतक्यांतला एक तरी माजा होतला."

रुद्रेशने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आपल्या बशीतला अर्धा पाव मोडला आणि त्याच्यापुढे धरला. प्रज्योतने तो त्याच्या हातातून घेतला आणि खाल्ला.